जिद्दसुद्धा मेंदूतच असते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत पक्षाघातातून उठलेल्या एका गृहस्थांची हकीकत वाचली. मथळा होता, 'जिद्दीच्या जोरावर पक्षाघातावर मात'. ते गृहस्थ चालू लागले, पुन्हा कामावर जाऊ लागले, याचा आनंदच आहे. त्यांच्या कष्टांचं मोल मला कणभरही कमी करायचं नाही. पण तोच मथळा आमच्या घरात माझ्या यजमानांनीही वाचला. आधी त्यांना फक्त 'पक्षाघातावर मात' एवढंच दिसलं आणि चेहरा उजळला. मग शिकवल्याप्रमाणे त्यांनी मान डावीकडे वळवली आणि ओळ पहिल्यापासून वाचली. पेपर खाली ठेवला. बऱ्याच वेळाने मला म्हणाले, "म्हणजे मीच कमी पडलो का गं?"

झटका येऊन तीन वर्षं झाली. रोज सकाळी ते दीड तास व्यायाम करतात, एका दिवसाचा खाडा नाही. डाव्या हाताची मूठ अजून आपणहून उघडत नाही. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर मी त्यांना घरात दिलं. तेच आपल्या वाचकांसमोरही द्यावंसं वाटलं, कारण हा प्रश्न मनात घेऊन गप्प बसलेली माणसं खूप आहेत आणि त्यांच्याकडून तो कोणी काढून घेत नाही.

सुरुवातीपासून सांगते. त्या दिवशी पहाटे सहाला हे उठले आणि पलंगावरच डावीकडे कलंडले. तोंड जरा वाकडं, जीभ जड. मी म्हटलं, हात अंगाखाली दबला असेल, मुंग्या आल्या असतील, थोडं पडा. ते स्वतःही "मला काही झालेलं नाही" असंच म्हणत होते. मी नऊ वाजेपर्यंत वाट पाहिली. मोठी रक्तवाहिनी गुठळीने बंद पडली की उपचाराविना जाणाऱ्या प्रत्येक मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी मरतात, असा हिशेब २००६ साली मांडला गेला आहे. मला तो खूप नंतर कळला. कळला त्या रात्री मी १९ लाखांना १८० ने गुणून पाहिलं आणि वही मिटून ठेवली.

रुग्णालयात डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, "यांना पूर्णपणे ठीक असं शेवटचं कधी पाहिलंत?" मी म्हटलं, सहाला त्रास सुरू झाला. त्यांनी तोच प्रश्न पुन्हा विचारला. झटका झोपेत आला असेल तर घड्याळ उठल्यापासून धरत नाहीत, माणूस शेवटचा ठीक दिसला तेव्हापासून धरतात, हे मला तेव्हा समजलं. आदल्या रात्री साडेदहाला ते दिवा मालवून झोपले होते. म्हणजे हिशेबाने साडेदहा तास उलटून गेले होते. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. १९९५ च्या ज्या चाचणीने त्याचा उपयोग सिद्ध केला तीत ही मुदत तीन तासांची होती, २००८ च्या चाचणीनंतर ती वाढली. झोपेत झटका आलेल्या काहींना एमआरआय पाहून ते अजूनही देता येतं. मोठ्या वाहिनीतली गुठळी नळी घालून बाहेर ओढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करता येतो. यांच्या एमआरआयमध्ये इजा पक्की झालेली दिसली आणि दोन्ही वाटा बंद झाल्या. डॉक्टरांनी ते मला खुर्चीवर बसवून, सावकाश सांगितलं. त्यांचे उपकार आहेत.

म्हणून आधीच एक विनंती करते. पक्षाघाताची कोणतीही बातमी छापताना तिच्याखाली दोन ओळी द्या. चेहरा एका बाजूला ओघळला, एक हात वर धरवेना, बोलणं अडखळलं, अचानक तोल गेला किंवा दिसेनासं झालं, यातलं एक जरी दिसलं तरी वाट पाहू नका, आणि माणूस शेवटचा ठीक कधी होता ती वेळ लक्षात ठेवा. लक्षणं दहा मिनिटांत आपोआप गेली तरी निघा. तो पुढच्या मोठ्या झटक्याचा इशारा असू शकतो.

गुठळी आली होती हृदयातून. यांचे ठोके अनियमित पडत होते, आणि तसे ठोके असणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट असतो. वरच्या कप्प्यात रक्त नीट ढकललं जात नाही, साकळतं, आणि त्यातला एक तुकडा सुटून थेट मेंदूत जातो. कोणी दोन मिनिटं मनगट धरून नाडी पाहिली असती तरी शंका आली असती. रक्तदाब आम्ही नेमाने तपासत होतो. नाडीकडे कधी लक्ष दिलं नाही.

आता मूळ मुद्द्याकडे येते. आपल्या भाषेत या आजाराला 'अंगावरून वारं गेलं' म्हणतात. लहानपणापासून ऐकलेला शब्द. त्या शब्दामुळेच असेल, पण घरातल्या सगळ्यांचं लक्ष अंगावर. हात चोळा, पाय चोळा, बोटं हलवून बघा. हातापायाला काहीच झालेलं नव्हतं. स्नायू, हाडं, सांधे सगळं शाबूत होतं. इजा झाली होती मेंदूच्या उजव्या अर्ध्या भागात. हालचालीचे बहुतेक तंतू मेंदू आणि मज्जारज्जू जिथे जोडले जातात तिथे बाजू बदलून खाली उतरतात, म्हणून अंग गेलं ते डावं. बोलण्याची केंद्रं बहुतेक माणसांत डाव्या अर्ध्यात असतात. त्यामुळे यांची वाचा लवकरच सुधारली आणि भेटायला येणारा प्रत्येकजण म्हणाला, "वहिनी, बोलतात ना, मग थोडक्यात निभावलं." मीही तसंच मानलं.

माझे यजमान ३४ वर्षं मुद्रितशोधक होते. एका छापखान्यात बसून त्यांनी किती पुस्तकांच्या गॅल्या, म्हणजे छपाईआधी चुका काढण्यासाठीचे कागद, तपासल्या याची मोजदाद नाही. ऱ्हस्व-दीर्घाची चूक त्यांना खड्यासारखी टोचायची. घरी सोडल्यावर तिसऱ्या आठवड्यात, मन रमावं म्हणून, मी कपाटातली एक जुनी गॅली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, उजव्या हातात लाल पेन घेतलं आणि मोठ्याने वाचू लागले. छापलेलं होतं 'विदेश', त्यांनी वाचलं 'देश'. 'अपयश' होतं, त्यांनी 'यश' वाचलं. ओळीचा सुरुवातीचा निम्मा भाग त्यांनी कधी घेतलाच नाही. प्रत्येक ओळ मधूनच सुरू. आणि त्यांना त्यात काही कमी वाटत नव्हतं, हे सगळ्यात भयंकर होतं. ते लेखकावर चिडले. म्हणाले, "वाक्यं किती तुटक लिहिली आहेत यानं! कर्ता कुठे आहे?" कर्ता पानाच्या डाव्या बाजूला होता, जागच्या जागी.

मला वाटलं, नजर गेली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळे ठीक आहेत. पक्षाघातात दृष्टीचा एका बाजूचा भाग खरोखर जातो असंही घडतं. पण तो रुग्ण निदान चाचपडतो, मान वळवून पाहतो. यांना वळवावंसंच वाटत नव्हतं, कारण त्यांच्या लेखी डावीकडे काही नव्हतंच. डॉक्टर याला 'निग्लेक्ट' म्हणतात. डाव्या बाजूचं भान जाणं. उजव्या मेंदूला मोठी इजा झालेल्यांत हे बऱ्याचदा दिसतं आणि घरच्यांना त्याचं नावसुद्धा माहीत नसतं.

मला माहीत नव्हतं म्हणून मी काय केलं ते लिहिते. ताटातलं डावीकडचं सगळं तसंच राहायचं, मी म्हणायचे, "अन्न टाकू नका." दाढी उजव्या गालाची व्हायची, डावा गाल तसाच. "निदान आरशात बघा." सदऱ्याची डावी बाही लोंबत असायची. दाराच्या चौकटीवर डावा खांदा रोज आपटायचा. "लक्ष कुठे असतं तुमचं?" आठ महिने मी हे प्रश्न विचारत होते. ते खजील होऊन हसायचे. एके दिवशी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या बाई, घरी आल्या. त्या काही बोलल्या नाहीत, त्यांनी फक्त निम्मं संपलेलं ताट उचललं आणि अर्धं फिरवून ठेवलं. हे म्हणाले, "अरे, अजून होतं का?" आणि उरलेलं सगळं जेवले. मी आत जाऊन रडले.

त्याच बाईंनी मला मिलानची गोष्ट सांगितली. १९७८ साली बिसियाक आणि लुझ्झाती या दोन इटालियन संशोधकांनी असाच त्रास असलेल्या दोन रुग्णांना विचारलं, तुमच्या गावातल्या कॅथीड्रलच्या, म्हणजे मोठ्या चर्चच्या, चौकात उभे आहात अशी कल्पना करा आणि काय काय दिसतं ते सांगा. कॅथीड्रलकडे तोंड करून उभं राहिल्याची कल्पना केली तेव्हा त्यांनी फक्त उजवीकडच्या इमारती सांगितल्या. मग सांगितलं, आता समोरच्या टोकाला कॅथीड्रलच्या पायऱ्यांवर उभे राहा आणि उलट बघा. तेव्हा आधी गाळलेल्या इमारती आल्या आणि आधी सांगितलेल्या गळाल्या. म्हणजे आठवण सगळी शिल्लक होती. पण कल्पनेतल्या चित्राचीसुद्धा डावी बाजू हाताला लागत नव्हती.

मी त्या संध्याकाळी यांना छापखान्याबद्दल विचारलं. म्हटलं, दारात उभे आहात असं समजा. ते सांगू लागले: कंपोझिटरांची टेबलं, भिंतीवरचं घड्याळ, मालकांची खोली. सगळं उजवीकडचं. मग म्हटलं, आता मागच्या खिडकीपाशी जा आणि दाराकडे बघा. क्षणभर थांबले आणि यंत्रं आली, कागदाची रिमं आली, आणि शेवटी त्यांचं स्वतःचं टेबल आलं. ३४ वर्षं ज्या टेबलावर बसले ते पहिल्या वर्णनात नव्हतंच. दाराच्या डाव्या हाताला होतं ते.

आता मला सांगा, संपादक महोदय, या माणसाने नेमकी कशावर जिद्द धरायची? जे नाही असं त्याला वाटतही नाही, ते मिळवण्याची जिद्द कुठून येणार?

रुग्णालयातल्या चौथ्या रात्रीची गोष्ट. मला हलवून त्यांनी विचारलं, "हा कोणाचा हात ठेवलाय माझ्या अंथरुणात?" मी म्हटलं, तुमचाच आहे. तर म्हणाले, "छे, माझा कसा असेल? याला काढायला सांग." सकाळी डॉक्टरांनी विचारलं, डावा हात उचलता येतो का? "येतो की." उचला बरं. हात पडलेलाच. "उचलला ना!" आपलं अंग लुळं पडलंय हे मेंदूला न कळणं, या लक्षणाला बाबिन्स्की या फ्रेंच डॉक्टरने १९१४ साली नाव दिलं. शंभर वर्षं उलटली. तरीही वॉर्डातले शेजारी म्हणत होते की हे वास्तव स्वीकारत नाहीत, मन घट्ट करायला हवं. ती समजूत काही दिवसांत आपोआप ओसरली. पण तेवढ्या दिवसांत "हे सहकार्य करत नाहीत" हा शिक्का मात्र बसला.

पुढे घरी आल्यावर नवीनच सुरू झालं. हे दिवसभर खुर्चीत बसून असायचे. उठा म्हटलं की उठायचे, चला म्हटलं की चालायचे, पण आपणहून काही नाही. तहान लागली तरी पाणी मागणार नाहीत. पहिल्यापासून कामसू माणूस. सगळ्यांना वाटलं, हरले, खचले. नातेवाईक येऊन समोर बसत आणि एकच वाक्य बोलत, "मनावर घ्या हो!" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की ते कानावर पडलं तरी माझा जीव घाबरा होतो. मनावर घेणं म्हणजे काय? काहीतरी करावंसं वाटणं, त्याला सुरुवात करणं, कंटाळा आला तरी धरून ठेवणं, चुकलं की लक्षात येणं. हे सगळं मेंदूचंच काम आहे. कपाळामागचा भाग आणि त्याला खोलवरून जोडणारे तंतू ते करतात. तिथला रक्तपुरवठा तुटला तर पाय लुळा पडावा तशी सुरुवात करण्याची ताकदही लुळी पडते. लुळ्या पायाला आपण "जिद्द धर" म्हणत नाही, त्याला आधार देतो. तसाच आधार यालाही लागतो. आम्ही भिंतीवर तासवार कागद लावला, फोनवर गजर लावले, आणि "करा" म्हणण्याऐवजी पहिली हालचाल त्यांच्या हाताला धरून करून देऊ लागलो. एकदा सुरू झालं की पुढचं ते करतात.

याशिवाय पक्षाघातानंतर जवळपास दर तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. तोही आजार आहे आणि त्यावर औषध आहे. यांना ते सुरू केल्यावर दीड-दोन महिन्यांत फरक पडला. ते आधीच का सुरू केलं नाही, तर "एवढं झाल्यावर माणूस उदास होणारच" असं आम्ही सगळ्यांनीच धरून चाललो होतो.

शरीराचंही सांगायलाच हवं, कारण तिथेही घरच्या अज्ञानाने नुकसान होतं. पहिले काही आठवडे डावा हात ओल्या फडक्यासारखा सैल होता. अशा वेळी खांद्याचा सांधा नुसत्या हाताच्या वजनाने निखळायला बघतो, कारण त्याला धरून ठेवणारे स्नायू झोपलेले असतात. आमचे दीर जीव लावून मदत करायचे. यांना उठवताना काखेत हात घालून, नाहीतर मनगट धरून वर ओढायचे. दोन महिन्यांत खांदा इतका दुखू लागला की व्यायाम बंद पडला. हात कधीही ओढायचा नाही, बसलं की उशीवर ठेवायचा, झोपवताना खांदा पुढे घ्यायचा, हे पाच मिनिटांत शिकवण्यासारखं आहे. आम्हाला कोणी शिकवलं नाही.

मग सैल हात हळूहळू ताठरू लागला. कोपर वाकलं, मनगट वाकलं, अंगठा आत आणि बोटं त्याच्यावर घट्ट मिटलेली. पायाचं उलट, गुडघा ताठ आणि पाऊल खाली लोंबतं. त्यामुळे पाय बाजूने गोल फिरवून पुढे टाकावा लागतो. लोकांना वाटतं, हात घट्ट झाला म्हणजे ताकद आली. ती ताकद नसते. मेंदूकडून खाली येणारा लगाम सुटलेला असतो आणि मज्जारज्जू स्वतःच्या मर्जीने स्नायू आवळत राहतो. थंडी, घाई, लघवीची कळ, रागाचा एक शब्द, काहीही झालं की मूठ आणखी आवळते. मी रोज सकाळी ती मूठ उघडते. बोटं ओढून उघडत नाहीत, ओढलं की जास्त आवळतात. मनगट आणखी थोडं आत वाकवायचं, मग बोटं आपोआप सैल होतात. अंगठा बुडापासून धरून बाहेर घ्यायचा, आणि मग एकेक बोट, करंगळीकडून. तळहातावर नखांच्या चार चंद्रकोरी उमटलेल्या असतात. तिथला घाम पुसायचा, कोरडं करायचं, छोटी गुंडाळी ठेवायची. सात-आठ मिनिटं लागतात. त्या वेळात आम्ही बोलत नाही. आता वर्षातून काही वेळा त्या स्नायूंत बोटुलिनम विषाचं औषध म्हणून इंजेक्शन देतात, त्याने तीन-एक महिने हात सैल राहतो. त्या काळात तळहात साफ राहतो, बाही सहज चढते. हात त्याने काम करू लागलेला नाही, आणि तसं वचन आम्हाला कोणी दिलंही नव्हतं.

गिळण्याबद्दल थोडक्यात लिहिते. पक्षाघातानंतर पाणी हा सगळ्यात अवघड पदार्थ असतो, कारण ते पातळ असतं आणि घसा आवळायच्या आत पुढे सरकतं. चुकून श्वासनलिकेत गेलं तर न्यूमोनिया होतो, आणि कधी कधी ठसकासुद्धा लागत नाही. गिळणं तपासून झाल्याशिवाय झटका आलेल्याला घोटभर पाणीही देऊ नये. त्या सकाळी मी यांना पेलाभर पाणी पाजलं होतं. नशीब म्हणून काही झालं नाही.

आम्ही ज्या व्यायामशाळेत जातो तिथे एक बाई येतात. त्यांच्या डाव्या मेंदूला इजा झाली, उजवी बाजू कमजोर आणि वाचा गेलेली. त्यांना सगळं समजतं. एकपासून दहापर्यंत आकडे ओळीने खडाखडा म्हणतात. पण चार बोटं दाखवून "किती?" विचारलं की शब्द सापडत नाही. मग त्या मनातल्या मनात एकपासून सुरू करतात आणि चारवर आल्या की जोरात "चार!" म्हणतात. गाणं लावलं की त्यातले शब्द जसेच्या तसे गातात. पॉल ब्रोका यांनी १८६१ साली एकच अक्षर बोलू शकणाऱ्या रुग्णाच्या मेंदूत डावीकडची इजा दाखवली, तेव्हापासून हे जगाला माहीत आहे. तरी त्यांच्या नात्यातले लोक त्यांच्याशी मोठ्याने, लहान मुलांशी बोलावं तसं बोलतात. त्या मान खाली घालतात. परवा त्यांनी माझा हात धरला आणि फार प्रयत्नाने दोन शब्द काढले: "वेडी... नाही."

तिथेच एक तरुण मुलगा येतो. अपघातात डोक्याला मार लागला होता. हातपाय धड, चालणं सरळ, शुद्धीची मोजणी पूर्ण १५ पैकी १५. १९७४ पासून वापरात असलेल्या त्या ग्लासगो मापात माणूस डोळे उघडतो का, बोलतो का, सांगितलेलं करतो का एवढंच पाहतात. स्वभाव त्यात मोजला जात नाही. मुलगा आता क्षुल्लक गोष्टीवरून भांडतो, पाच मिनिटांपूर्वीचं विसरतो, गोंगाट सहन होत नाही, दुपारपर्यंत थकून जातो. १८४८ मध्ये अमेरिकेत फिनियस गेज नावाच्या मुकादमाच्या डाव्या गालातून शिरलेली लोखंडी सळई डोक्यातून आरपार गेली, तो वाचला, चालता-बोलता राहिला, आणि त्याचे सोबती म्हणाले की हा आता पूर्वीचा गेज नाही. या मुलाची आई मला म्हणाली, "ताई, याचा हात मोडला असता तर बरं झालं असतं. लोकांना दिसलं तरी असतं."

म्हणजे मेहनतीचा उपयोग नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. शाबूत राहिलेला मेंदू गेलेल्या भागाचं काही काम शिकून घेतो, आणि तो शिकतो ते पुन्हा पुन्हा केल्यानेच. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे मंद, पण ती थांबत नाही. यांनी दुसऱ्या वर्षी एकट्याने जिना चढायला सुरुवात केली. पण किती आणि काय परत येईल हे बरंचसं इजा कुठे आणि केवढी झाली यावर ठरतं. हालचालीचे सगळे तंतू मेंदूच्या खोलात एका अरुंद पट्ट्यातून जातात. तिथे हरभऱ्याएवढी इजा पूर्ण अंग पाडते. दुसरीकडे त्याहून मोठी इजा झाली तरी माणूस महिन्यात उभा राहतो. चांगला हात बांधून ठेवून कमजोर हाताकडून काम करून घेण्याची एक पद्धत आहे. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत तिचा फायदा दिसला. पण त्या चाचणीत घेतले गेले तेच रुग्ण, ज्यांचं मनगट आणि बोटं थोडी तरी आपणहून वर उचलली जात होती. यांची उचलली जात नाहीत. म्हणजे त्या दारापर्यंत जायलाही आधी मेंदूतली तेवढी वाट शिल्लक असावी लागते.

आणि जास्त जोर म्हणजे जास्त फायदा, हेही नेहमी खरं नाही. २०१५ मध्ये पाच देशांतल्या दोन हजारांहून अधिक रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. झटक्यानंतर पहिल्या २४ तासांतच रुग्णाला अंथरुणाबाहेर काढून वारंवार उभं केलं, चालवलं, तर तीन महिन्यांनी त्यांची स्थिती नेहमीच्या उपचारापेक्षा चांगली नव्हे, थोडी वाईटच निघाली. तेव्हापासून पहिल्या दिवशी बेताने घेतात. दुसऱ्याच दिवशी यांना हाताला धरून उभं करणाऱ्या आमच्या शेजाऱ्यांना मी दोष देत नाही. आपल्या पुरवणीत अशाच कथा वाचून ते आले होते.

माझं मागणं मोठं नाही. बरं झालेल्या माणसाची हकीकत जरूर छापा. तीत त्यांच्या जिद्दीबरोबर त्यांना किती लवकर उपचार मिळाले, इजा कुठे होती, व्यायाम करवून घेणारं घरात कोण होतं, तेही विचारा आणि लिहा. आणि मधूनच एखाद्या रविवारी ज्याची मूठ उघडली नाही अशा माणसाकडेही आपला वार्ताहर पाठवा. तो चार तास बसला तर बरं. पहिल्या तासात त्याला काही दिसणार नाही. थकवा तिसऱ्या तासात दिसतो. बोलता बोलता माणूस पुसल्यासारखा होतो आणि डोळे मिटतात. एखाद्या साध्या वाक्यावर एकदम रडू फुटतं, थांबता थांबत नाही, आणि तो स्वतःच हात हलवून खुणावतो की मनात तेवढं दुःख नाही, रडू आपलं आपण येतंय. हेही मेंदूच्या इजेनेच होतं. आम्ही पहिल्या वर्षी प्रत्येक वेळी समजूत घालत बसायचो. आता नुसता विषय बदलतो. त्यांना तेच बरं वाटतं.

यांच्या प्रश्नाला मी काय उत्तर दिलं ते लिहायचं राहिलं. मी म्हटलं, "अहो, तुम्ही कमी पडला नाहीत. तुमची इजा मोठी होती आणि मी तीन तास उशीर केला." ते म्हणाले, "तुझाही दोष नाही, मीच म्हणत होतो ना मला काही झालं नाही." आणि मग, "संपादकांना लिही. पण आधी मला दाखव."

त्याप्रमाणे काल दुपारी हे पत्र त्यांच्यासमोर ठेवलं. प्रत्येक पानाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवली. त्यांना तसंच शिकवलं आहे: ओळ सुरू करण्याआधी लाल दिसेपर्यंत मान वळवायची, लाल दिसल्याशिवाय वाचायचं नाही. उजव्या हातात पेन, आणि कागद सरकू नये म्हणून त्यावर डावी मूठ वजनासारखी ठेवलेली. पहिल्या पानावर त्यांनी तीन चुका काढल्या. त्यातली एक ओळीच्या अगदी पहिल्या शब्दात होती, 'रुग्णालयात'मधला रु मी दीर्घ लिहिला होता. दुसऱ्या पानाच्या मध्यावर त्यांची मान पट्टीपर्यंत जाईना झाली. पेन खाली ठेवून म्हणाले, "बाकीचं उद्या." म्हणून हे पत्र एक दिवस उशिरा पाठवत आहे.

आपली नम्र,
एक वाचक